वाऱ्याची पेटी

वाटी परत करायला म्हणून मनोरमा मागच्या दारानं शेजारच्या बेटीच्या स्वयंपाकघरात शिरली आणि तिला ओट्याला लागून घातलेली खाट दिसली. खाट अंथरलेली होती. उशीला डोक्याचा खळगा, पायथ्याशी चादरीची घडी, उशाशी पिठाच्या डब्यावर चष्मा नि रोझरीची माळ. म्हणजे इथं कुणीतरी रोज झोपत होतं, आणि या घरात बेटीशिवाय दुसरं कुणी नव्हतं. वाटीत मेथांबा होता, कारण शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते, ती ओट्यावर ठेवता ठेवता मनोरमानं विचारलं, "इथं झोपता?" बेटी पाठमोरी उभी राहून भांडी लावत होती. "हो बाय," ती म्हणाली, "इथं गार वाटतं." मे महिना चालू होता. गॅसवर डाळ रटरटत होती, भिंत हाताला कोमट लागत होती, आणि सत्तरीच्या बेटीच्या मानेवरून घामाचा ओघळ गाऊनच्या गळ्यात उतरत होता. मनोरमा "बरं" म्हणाली आणि घरी आली. दोन घरांमध्ये एक बुटकी भिंत आणि तिच्यातलं फळकुटाचं फाटक, एवढंच काय ते अंतर; पण तेवढं चालतानाही ती खाट तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

ओटीवर रामनाथ पेपर तोंडावर घेऊन पडला होता. नवरा निवृत्त झाला की पेपर वाचतो आणि पेपर वाचता वाचता झोपतो, हे तिला आता ठाऊक झालं होतं, आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. ती त्याच्या पायाशी खुर्ची ओढून बसली. तिचा सगळा जन्म विम्याच्या कंपनीत गेला, शेवटची वर्षं जोखीम विभागाची प्रमुख म्हणून. आणि जागा सोडून बसलेली खाट पाहून स्वस्थ राहणं तिच्या हाडातच नव्हतं. हे खूळ तिच्या डोक्यात घातलं काकासाहेबांनी. ती नोकरीला लागली तेव्हा कंपनी त्यांची होती. त्यांची म्हणजे खरोखरच त्यांची: बापानं काढलेली, त्यांनी वाढवलेली, राहतं घर, बायकोचे दागिने आणि बाजारातलं नाव सगळं त्यात घातलेली. गोदामाचा विमा उतरवायचा असला की म्हातारा स्वतः पाहणीला जायचा. आगीचे बंब, दारंखिडक्या हे बाकीच्यांनी बघावं. काकासाहेब रखवालदाराची खाट कुठे आहे ते शोधायचे. एकदा एका नव्या रंगवलेल्या गोदामाच्या आवारात त्यांना ती भर उन्हात, मैदानाच्या मध्यावर दिसली. सावली भिंतीला होती आणि रखवालदार उन्हात झोपत होता. "चला," काकासाहेब तिला म्हणाले, "इथं आपलं काम नाही. अर्ज मालकानं भरलाय, खाट रखवालदारानं स्वतःच्या जिवासाठी टाकलीय." पुढच्याच पावसात ती भिंत बसली. तेव्हा मनोरमा पंचविशीची होती आणि तिला वाटलं, या माणसाला काहीतरी सिद्धी आहे. सिद्धीबिद्धी काही नव्हती. मोठा दावा आला की काकासाहेबांना जेवण जात नसे, इतकंच. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, आणि इथं जळलं असतं ते सगळं एकाच माणसाचं होतं. म्हणून तो आधीच वास घेत फिरायचा आणि दहातल्या सहांना नाही म्हणायचा.

ते गेले, मुलांनी कंपनी विकली, ती बाजारात आली, आणि मालक झाले लाखभर लोक, ज्यांना मनोरमानं कधी पाहिलं नाही आणि ज्यांनी कंपनीचं दारही कधी पाहिलं नसेल. खुर्च्या त्याच होत्या. अर्ज तेच, चहावाला तोच, खिडकीतून दिसणारी समोरची गळकी टाकीही तीच. तरी विरजण लागावं तशी बघता बघता कंपनी बदलली. जे 'नाही' होतं ते 'बघू' झालं आणि जे 'बघू' होतं ते 'हो' झालं. जितेश हा तिचा नवा साहेब, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, हुशार, गोड बोलणारा. त्यानं तिला एकदा शांतपणे समजावून सांगितलं होतं, "मॅडम, आपल्या शेअरहोल्डरकडे आपले थोडे शेअर आहेत आणि इतर दहा कंपन्यांचे थोडे थोडे. आपण बुडालो तर त्याचं थोडंसं जाईल, पण आपण उडालो तर त्याला लिमिट नाही. मग तो आपल्याला सांभाळून चाला कशाला म्हणेल? तो म्हणणार, मारा!" मनोरमा म्हणाली होती, "हे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र झालं. ज्यांनी हप्ते भरलेत त्यांच्या जिवावर आपण उदार." जितेशला म्हण माहीत नव्हती. तिनं अर्थ सांगितला, तेव्हा तो मनापासून हसला. "पण मॅडम, हलवायानंच आपल्याला किल्ली आणून दिलीय ना?" आणि खोटं काय होतं त्यात? काकासाहेबांच्या नाहीमध्ये तुळिंजच्या बाजारातले सगळे छोटे दुकानदार येत. गल्ली अरुंद, वायरी लोंबलेल्या, पाणी तुंबतं, नको. जितेशनं त्या सगळ्यांचे विमे उतरवले. पुढे दुकानांत पाणी शिरलं आणि दावे मिळाले, तेव्हा एक भांडीवाला पेढे घेऊन ऑफिसात आला होता आणि जितेशच्या पाया पडायला वाकला होता. भित्र्या मालकानं ज्यांना दाराबाहेर ठेवलं, त्यांना बेफिकीर मालकानं आत घेतलं. मनोरमाला या दोहोंतलं बरं कोणतं ते शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि न ठरवताच ती निवृत्त झाली. जाताना तिला मिळालेले शेअर विकून भुईगावातलं हे घर झालं. बोळिंजचा फ्लॅट भाड्यानं दिला. म्हणजे या ओटीच्या फरशा जितेशच्या धाडसातून आलेल्या, आणि त्या फरशांवर बसून घाबरायचं कसं ते शिकवलेलं काकासाहेबांनी.

तिनं वर पाहिलं. घर घेतलं ते खरं तर या माडासाठी. ती नारळाचं झाड म्हणायची. माड म्हणायला ती इथं शिकली. जन्म फलटणच्या बाजूचा, बाप मामलेदार कचेरीत कारकून, आणि नारळ घरात यायचा तो देवापुढे फुटायला. मग त्याचे सात तुकडे व्हायचे, आणि आईचा तुकडा कुठला हे कधी कुणी विचारलं नाही. त्या मनोरमाच्या अंगणात स्वतःचा माड, आणि तो पहाटे आपण होऊन धप्पकन नारळ टाकणार, हे तिला पहिले काही महिने खरंच वाटायचं नाही. आवाज आला की ती उठून जाऊन बघायची आणि नारळ हातात घेऊन उभी राहायची. सुख सुख म्हणतात ते हेच असणार, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. माड सरळ मात्र नव्हता. मुळापासूनच तो शेजारच्या घराकडे झुकत गेला होता, पलीकडचं बोलणं ऐकायला वाकलेल्या म्हातारीसारखा, आणि त्याचा शेंडा बरोब्बर बेटीच्या कौलांवर होता. घर दाखवणारा दलाल म्हणाला होता, "पाहिजे तर तोडून टाका." मनोरमाला त्याचा रागच आला होता.

आणि फेब्रुवारीत गावानं त्या माडाला जवळ केलं. निदान तिला तसं वाटलं. दोघं चार दिवस पुण्याला जाऊन आली, तर माडाच्या खोडावर छातीच्या उंचीला चुन्यानं काढलेला ठसठशीत क्रूस. ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ नुकताच लागला होता. भुईगावच्या गल्ल्यांत जागोजागी क्रूस आहेत, त्यांना झेंडूचे हार असतात, मेणबत्त्या असतात. जाणारा येणारा क्षणभर थांबतो. तसाच एक आपल्या दारात आला म्हणून मनोरमाचं काळीज सुपाएवढं झालं. परक्या माणसांना गावानं आपलं म्हटलं याची ही खूण, असं तिनं रामनाथला सांगितलं. "झालं," रामनाथ म्हणाला, "माडाचा बाप्तिस्मा झाला. आता नारळ फोडताना फादरना विचारावं लागणार." पण हार आणायला तोच गेला. दर शुक्रवारी मनोरमा मोगऱ्याचा नाहीतर चाफ्याचा हार खोडाला बांधायची आणि एक मेणबत्ती लावायची. उदबत्ती चालेल का, असं तिच्या मनात आलं होतं, मग तीही लावली. गल्लीतून जाणारे थबकून बघायचे. कुणी कुणी हसायचे, पण हसण्यात वाईट काही नसायचं. ॲन्सेल्म मास्तर, म्हणजे पलीकडच्या वाडीतले निवृत्त शिक्षक, सायकलवरून उतरून टोपी काढायचे आणि मगच पुढे जायचे. ते पाहून मनोरमाला भरून यायचं. दोन धर्मांची माणसं किती सहज राहतात एका गल्लीत, असं काहीसं ती बोळिंजच्या मैत्रिणींना फोनवर सांगायची, आणि सांगताना आवाज जरा जास्तच गोड व्हायचा, हे तिचं तिलाही कळायचं.

आता मात्र ती नुसती बसली होती आणि तिचं मन खाटेभोवती फिरत होतं. बेटीची झोपायची खोली पश्चिमेला. दोन खिडक्या, खाडीवरचा वारा सरळ आत येतो. गार म्हणावं तर गावात याहून गार खोली नसेल. ती सोडून बाई चुलीपाशी येते, ती कशासाठी? चोरांची भीती? मग शेजारी हाक मारली असती. आठवणी? नवरा जाऊन बारा वर्षं झाली, आताच कशा आल्या? एकेक कारण तिनं उचललं आणि ठेवून दिलं. जुनी सवय. ऑफिसात हे करताना एक थंड मजा वाटायची. इथं ती मजा येत नव्हती, कारण बेटी तिला आवडत होती. केळ्यांची सुकेळी कशी वाळवायची, कुठल्या बावखलातलं, म्हणजे गावतळ्यातलं, पाणी भाजीला बरं, गल्लीतल्या कुत्र्याचं नाव काय, हे सगळं तिला बेटीनं शिकवलं होतं. त्या बेटीनं आज तिच्याकडे पाठ करून उत्तर दिलं.

संध्याकाळी ॲन्सेल्म मास्तर आले. आले ते पेटीचं सांगायला. गावातल्या काही घरांची मिळून एक जुनी व्यवस्था आहे, तिला वाऱ्याची पेटी म्हणतात. कुठल्यातरी आज्या-पणज्याच्या काळी वादळानं वाड्या झोपवल्या, तेव्हा लोकांनी एक लाकडी पेटी केली. घरटी थोडं थोडं त्यात टाकायचं आणि वाऱ्यानं ज्याचं छप्पर, गोठा, केळी जाईल त्याचं त्यातून उभं करायचं. पेटी आता बँकेत असते, शब्द राहिला. जो भरतो तोच मालक, वरचा मालक कुणी नाही. मनोरमानं विम्याच्या पुस्तकांत अशा मंडळ्यांबद्दल वाचलं होतं, पण जिवंत एक तिला इथंच भेटली, आणि आपल्यालाही पेटीत घ्या असं तिनंच मास्तरांच्या मागं लागून म्हटलं होतं. मास्तर टोपी गुडघ्यावर ठेवून बसले. "ताई, अभिनंदन. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर सभा झाली. तुम्हाला घेतलं. एकमतानं." मग घसा खाकरून म्हणाले, "माडासकट."

"माडासकट म्हणजे?"

"म्हणजे त्यावर बोलणं झालं. तो तुमचा देवाचा माड. उद्या वारा आला आणि तो बेटीच्या घरावर पडला, तर पेटी तिचं सगळं भरून देईल. तुमच्यावर बोट ठेवायचं नाही, असं ठरलंय. तुम्ही मनात काही आणू नका."

"आमचा देवाचा?" मनोरमा म्हणाली. "मास्तर, तो क्रूस तुमचा आहे. तुम्ही लोकांनी काढलाय. मी आपली मान ठेवते त्याचा."

मास्तरांनी माडाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा माडाकडे. पेपर खाली करून रामनाथही बघू लागला. "क्रूस?" मास्तर म्हणाले. "ताई, ती फुली आहे."

फुली. वारा सुटायच्या आधी पेटीतली चार माणसं चुन्याचा डबा घेऊन सगळ्या वाड्यांतून फिरतात. जिथं काही पडेलसं दिसतं, मग तो माड असो, भिंत असो की गोठ्याचा वासा, तिथं फुली मारतात. ज्याची वस्तू त्यानं ती काढायची, ज्याला झेपत नाही त्याला सगळे मिळून काढून देतात. तुम्ही तेव्हा पेटीत नव्हता, पण माडाखालचं छप्पर पेटीतलं होतं, म्हणून तुमच्या दारात आलो. तुम्ही गावाला गेला होता. मास्तर सांगत होते आणि मनोरमा माडाकडे बघत होती. खोडाला धरून तिरपी फुली मारलेली, आणि माडच तिरका. त्यामुळं तिरप्यावर तिरपं होऊन फुली सरळ उभी राहिली होती. उभा दांडा खाली थोडा लांब होता, तो चुना ओघळल्यामुळं. "आम्ही फुली मारली," मास्तर म्हणाले, "आणि येऊन बघतो तर तुम्ही हार घातलेला. सभेत म्हटलं, बाई झाडाला पुजतायत, त्यांच्या देवाला हात कसा लावायचा? मी आपला टोपी काढत होतो तुमच्या देवाला." आधी रामनाथ हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, पाणी आणावं लागलं. मग मास्तर हसले, डोळे पुसत. मनोरमाही हसली, खूप हसली; विम्यात जन्म काढलेली बाई, धोक्याच्या पाटीला दर शुक्रवारी हार घालते. आणि हसता हसताच तिला खाट आठवली आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

ती तशीच फाटक ढकलून बेटीकडे गेली. बेटी मागच्या पायरीवर बसून तांदूळ निवडत होती. मनोरमा तिच्याशेजारी बसली आणि सरळ म्हणाली, "खोलीत का झोपत नाही ते मला कळलं." बेटीनं सुपातून मान वर केली नाही. "मास्तर बोलला वाटतं. त्याच्या पोटात काय रात नाय." मग म्हणाली, "तुमचा देव, बाय. आमच्या क्रूसाला कोनी हात लावला तर आमाला कसं वाटंल? सभेत मीच पयला हात वर केला. छप्पर माझं, मी बोलले नाय तर दुसरं कोन बोलनार?"

"आणि पडला असता तर?"

"तर पेटीनं कौलं दिली असती. पन बाय, पेटी कौलं परत देते, बेटी परत नाय देत." तिनं एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "म्हनून हार दिसला तवाच खाट हलवली. देवाचा मान देवाला, उशी माझी मला."

मनोरमानं तिला फुलीचं सगळं सांगितलं. बेटी आधी ऐकत राहिली, मग तिनं सूप बाजूला ठेवलं, आणि मग तिचे खांदे हलायला लागले. "म्हंजे मी तीन महिनं घामानं निथळले ती तुमच्या देवासाठी, आनि तुमी मेनबत्त्या जाळल्या त्या माझ्या देवासाठी," ती म्हणाली, "आनि देव दोघांतला कोनीच तिथं नवता." तिनं मनोरमाच्या मांडीवर जोरात थाप मारली. तांदळाचा पांढरा हात साडीवर उमटला. मनोरमाला रडू आलं. तिनं ते येऊ दिलं, लपवायचं वय आता नव्हतं.

परत आल्यावर तिला बसवेना. रामनाथ म्हणाला, "एवढं काय त्यात? माडाला दोर बांधू. आणि तुझ्या त्या जितेशला फोन लाव, बेटीच्या घराचा घसघशीत विमा उतरव. पडला तर नवं घर बांधेल ती." तो चेष्टेत म्हणत होता, पण ते होण्यासारखं होतं. जितेशनं फोनवरच हो म्हटलं असतं. खाट कुठं आहे हे न विचारता हो म्हटलं असतं, कारण ती खाट त्याच्या मालकांपैकी कुणाच्याच घरातली नव्हती. आणि काकासाहेबांनी खाट बघून नाही म्हटलं असतं आणि ते निघून गेले असते. बेटी तिथंच राहिली असती, माडाखाली. इतकी वर्षं मनोरमा या दोन माणसांच्या मधे उभी होती आणि तिसरी जागा असते हे तिला पुस्तकातून ठाऊक असूनही कधी जाणवलं नव्हतं. या लोकांनी धोका पाहिला. बोट ठेवून दाखवला. आणि मग डोळे उघडे ठेवून तो पत्करला, तोही मूर्खासारखा, एका परक्या बाईच्या हाराला मान देऊन. पण पत्करला तो स्वतःच्या कौलांवर आणि स्वतःच्या पेटीवर. तुळशीपत्र ठेवलं खरं, पण आपल्याच घरावर. ही पेटी भित्री नव्हती, हे तिला नवं होतं. पुस्तकं सांगत की असल्या मंडळ्या सावध असतात, जपून असतात. जपून होत्याच, पण उदारपणा करायचा तर कुणाला विचारायचं नव्हतं, आणि कुणाच्या नावावर खपवायचंही नव्हतं. हे तिला इतकं आवडलं की मघा आलेलं रडू आणि हे आवडणं यांची मनात गल्लत होऊ लागली. "फोन नको," ती म्हणाली, "माड काढू." रामनाथनं तिच्याकडे पाहिलं. त्या माडाचं तिला काय होतं ते जगात त्याच्याएवढं कुणाला माहीत नव्हतं. पहाटे नारळ घेऊन अंगणात उभी असलेली बायको त्यानं खिडकीतून कितीदा बघितली होती. "नक्की?" त्यानं विचारलं. "वाईट वाटेल तुला." "वाटेलच," मनोरमा म्हणाली. "वाटू दे."

मंगळवारी माड काढणारे आले. तिनं कुणाला बोलावलं नव्हतं, तरी पेटीतली निम्मी माणसं गोळा झाली. आपापसांत ती त्यांच्या बोलीत भराभर बोलत होती. मनोरमाला त्यातलं निम्मंच कळत होतं, पण हसण्याच्या जागा कळत होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच तिच्यावर होत्या. रामनाथला कुणीतरी दोराचं टोक धरायला दिलं आणि तो एकदम महत्त्वाचा माणूस झाला. शेंडा आधी खाली आला, मग खोडाचे तुकडे एकेक करून, दोरानं सांभाळून. बेटीचं एक कौलही हललं नाही. प्रत्येक तुकडा जमिनीला लागला की मनोरमाच्या पायांना ते कळायचं. तिनं शेवटपर्यंत पाहिलं, आत गेली नाही. माड होता तिथं आता नुसतं आभाळ होतं, मोठं, उघडं, आणि तिला ते आवडलं नाही. बेटी केव्हा आत गेली कळलं नाही; आतून खाट फरफटत नेल्याचा आवाज आला, आणि दोघंतिघं खाटेला हात लावायला धावली.

मग मास्तरांनी कोयता घेतला आणि शेंडा सोलून त्यातला गाभा काढला. मनोरमानं माडाचा गाभा कधी पाहिला नव्हता. पांढराशुभ्र, ओलसर, परातीएवढा. माड मेल्याशिवाय तो खायला मिळत नाही, असं कुणीतरी म्हणालं. ती पुढे झाली. आता मास्तर गाभा आपल्या हातात देतील, मग आपण म्हणू, घ्या ना सगळ्यांनी, माझ्याकडून. शब्द तिच्या ओठांवर तयार होते आणि ते म्हणताना कसं वाटेल तेही ती थोडं चाखून झाली होती. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. केळीचं पान जमिनीवर पसरून त्यांनी गाभ्याचे तुकडे करायला घेतले, घरटी एक, आणि घरांची नावं घेत ते वाटू लागले. मनोरमाच्या मनाला कुठंतरी टोचलं. "अहो मास्तर," ती म्हणून गेली, "माड माझा होता ना?"

उत्तर बेटीनं दिलं, दारातूनच, पदर खोचत. "पडला असता तर कोनाचा होता?"

कुणी हसलं नाही. तसं खोचून बोललेलंही ते नव्हतं; विचारण्यासारखं होतं म्हणून बेटीनं विचारलं होतं. पडला असता तर तो सगळ्यांचा झाला असता, हे तिला गेले तीन दिवस कळत होतं, त्याच्यावर ती भाषण देऊ शकली असती. आणि तरी मास्तरांच्या हातात कोयता येताच माड पुन्हा तिचा एकटीचा झाला होता. ती बाजूला सरली आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली. नावं पुढं सरकत होती. बेटीचं झालं, मास्तरांच्या भावाचं झालं, आणि मग मास्तर म्हणाले, "मनोरमाताईंचं घर," जसं बाकीच्यांचं म्हणाले होते तसंच, मान वर न करता.

पानाच्या तुकड्यावर आलेला वाटा लहान होता. बेटीच्या हातात होता त्याहून नक्कीच लहान, हे तिनं एका नजरेत पाहिलं आणि बेटीनं तिला पाहताना पाहिलं. तिनं कडेनं चावा घेतला. गोड होता, नारळाचा नव्हे, दुधाचा नव्हे, कशाचाच नव्हे असा ओला गोड. अंगणात एवढं ऊन तिनं कधी बघितलं नव्हतं. दोर गुंडाळून, घाम पुसत रामनाथ आला आणि त्यानं हात पुढे केला. "घरटी एक आहे ना? माझा अर्धा?"

मनोरमानं त्याला केळीच्या पानाचा रिकामा तुकडा दाखवला. "संपला," ती तोंड भरलेलं असतानाच म्हणाली.